एकाच कारखान्यातली दोन पेनं, मग किमतीत दहापट फरक कसा?

दिवाळीची साफसफाई सुरू झाली की माझ्या फोनवर पेनांचे फोटो यायला लागतात. कुणाच्या आजोबांच्या कपाटातून, कुणाच्या शिवणयंत्राच्या खणातून, कुणाच्या जुन्या पासबुकांच्या गठ्ठ्यातून एखादं शाईचं पेन बाहेर पडलेलं असतं. फोटोखाली प्रश्न एकच: 'पार्कर आहे. किती येतील?'

एका आकड्यात याचं उत्तर देता येत नाही. दोन पेनं शेजारी शेजारी ठेवली आहेत असं समजा. दोन्ही 'पार्कर ५१' या मॉडेलची, दोन्ही अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात जेन्सव्हिलच्या कारखान्यात बनलेली, दोन्हींची निब आवरणात दडलेली आणि नुसतं टोक बाहेर. दोन्ही उत्तम लिहितात. पहिलं दहा-पंधरा हजारांत मिळून जाईल. दुसऱ्यासाठी जाणकार संग्राहक त्याच्या पाचपट, कधी दहापटही मोजेल. नीट पाहिलं तर दुसऱ्या पेनाच्या दोन्ही टोकांना मुगाच्या डाळीएवढे ॲल्युमिनियमचे खडे दिसतात. हे खडे १९४१ च्या, म्हणजे पहिल्या वर्षाच्या पेनांवर असायचे. शिवाय त्याच्या अंगावर कोरलेली कंपनीची अक्षरं अजून नखाला लागतात.

मुगाच्या डाळीएवढ्या खड्याला आणि नखाला लागणाऱ्या अक्षरांना एवढी किंमत का, हे कळायला आधी पेनाच्या पोटात शिरावं लागतं.

## समईची वात आणि तेलाचा डबा

शाईच्या पेनात स्प्रिंग नसते आणि लिहिताना पंपही चालत नसतो. समईतली वात जशी तेल आपोआप वर ओढते, तशी निबेच्या मधली बारीक चीर शाई ओढून घेते. चीर जितकी अरुंद तितकी ओढ जास्त. टोक कागदाला टेकलं की कागदाचे तंतू ती शाई पुढे ओढतात. म्हणून शाईचं पेन दाबावं लागत नाही, नुसतं टेकवायचं असतं.

पण एवढ्यानं भागत नाही. पत्र्याच्या तेलाच्या डब्याला एकच भोक पाडून ओतायला गेलात तर तेल आधी अडतं, मग भळकन सांडतं. दुकानदार म्हणूनच समोरच्या कोपऱ्यात दुसरं भोक पाडतो, हवा आत जायला. पेनाचंही तसंच आहे. जेवढी शाई बाहेर पडेल तेवढी हवा आत गेली पाहिजे, आणि तीही हळूहळू. एकोणिसाव्या शतकातली बरीचशी पेनं इथेच फसत होती. ती मध्येच अडायची, नाही तर कागदावर डाग पाडायची. न्यू यॉर्कच्या लुइस वॉटरमनला १८८४ साली पेटंट मिळालं ते याच अडचणीच्या उत्तराला. निबेखाली जी काळी पट्टी असते, जिला आपण जीभ म्हणतो, तिच्यात त्यानं बारीक चर पाडले. शाई बाहेर येणं आणि हवा आत जाणं या दोन्ही गोष्टी त्या चरांतून बेतानं होऊ लागल्या. आजही दोनशे रुपयांच्या पेनापासून दोन लाखांच्या पेनापर्यंत सगळी पेनं याच तत्त्वावर चालतात.

निब सोन्याची का, हा पुढचा प्रश्न. तो दिखाऊपणा नव्हता. त्या काळच्या शाईत आम्ल असे आणि पोलादी निब काही महिन्यांत खाऊन जाई. सोन्याला आम्लाची बाधा होत नाही. बहुतेक निबा १४ कॅरेटच्या, म्हणजे ५८.५ टक्के सोन्याच्या असतात, म्हणून कित्येकांवर ५८५ हा आकडा दिसतो. पण सोनं मऊ, कागदावर घासून झिजणार. त्यासाठी टोकाला इरिडियम, ऑस्मियम अशा कठीण धातूंच्या मिश्रणाचा मोहरीहून बारीक मणी डकवतात. लिहिताना कागदाला लागतो तो मणी. वर्षानुवर्षं एकाच हातानं, एकाच कोनातून लिहिलं की त्या मण्याला एक सूक्ष्म सपाटी येते. आजोबांचं पेन आपल्या हातात किंचित खरखरतं ते बरेचदा यामुळेच. ते त्यांच्या हाताला लागलेलं असतं.

## शाई पोटात जाते कशी?

आमच्या शाळेतल्या पेनांना आटे फिरवून उघडायचं, ड्रॉपरनं शाई भरायची, निळी झालेली बोटं केसांना पुसायची. जगातली सुरुवातीची पेनंही अशीच होती. ही कटकट टाळायला कंपन्यांनी ज्या युक्त्या लढवल्या, त्यावरून आज पेनाचं वय आणि घराणं ओळखता येतं.

अमेरिकेत आयोवा राज्यातल्या फोर्ट मॅडिसनचे वॉल्टर शेफर हे जवाहिरे. १९०८ मध्ये त्यांनी एका खटक्याचं पेटंट घेतलं. पेनाच्या कुशीत धातूची लांबट दांडी, ती नखानं उचलली की आतली रबराची पिशवी दबते, सोडली की फुगते आणि शाई ओढते. कॉन्क्लिन कंपनीनं पिशवी दाबायला अंगावर चंद्रकोरीसारखी धातूची चकती बसवली. मार्क ट्वेननं तिची तारीफ केली, त्यात एक कारण असं की चंद्रकोरीमुळे पेन टेबलावरून घरंगळत नाही. जर्मनीच्या पेलिकननं १९२९ मध्ये पिशवीच काढून टाकली आणि इंजेक्शनच्या सिरिंजसारखा, मागची घुंडी फिरवून मागेपुढे होणारा दट्ट्या आणला. १९३३ च्या पार्कर व्हॅक्युमॅटिकमध्ये रबराचा पातळ पडदा होता, तो दाबून-सोडून पेनाचं सगळं पोटच शाईनं भरायचं. आणि १९५२ मध्ये शेफरनं कमाल केली. घुंडी फिरवली की निबेखालून सुईसारखी नळी बाहेर येते, तीच शाई पिते आणि निब कोरडीच राहते. त्या पेनाचं नाव स्नॉर्केल. ते दुरुस्त करणाऱ्याला मात्र आतली रबरी बूचं बदलताना घाम फुटतो.

आता यातली लक्षात ठेवायची गोष्ट एकच. दट्ट्याचं पेन सोडलं तर या सगळ्यांच्या पोटात रबर आहे आणि रबर चाळीस-पन्नास वर्षांत मरतं. कधी खडूसारखा भुगा होतो, कधी डांबरासारखा चिकटा. म्हणजे 'पेन चालत नाही' याचा अर्थ ते मेलंय असा होत नाही. नवी पिशवी स्वस्त असते. ती डकवायला चपडा वापरतात, सुतार पॉलिशला वापरतात तोच. कारण चपडा थोड्या उबेनं सुटतो. पुढच्या पिढीतल्या कारागिराला पेन पुन्हा उघडता आलं पाहिजे, हा विचार त्यामागे आहे. फेविक्विकनं चिकटवलेलं पेन मात्र पुन्हा उघडताना फुटतं.

पार्कर ५१ च्या १९४८ नंतरच्या पेनांत रबराऐवजी पारदर्शक प्लास्टिकची पिशवी आली. ती इतकी टिकाऊ निघाली की सत्तर वर्षांची पेनंही नुसती धुतल्यावर चालू होतात. पेन उघडल्यावर आत धातूची नळी आणि तिच्यावर दाबायची पट्टी दिसली तर ते याच पिढीतलं. शाई कशी भरायची ती सूचनाही त्या नळीवर कोरलेली असते.

## मग ती पेनं गेली कुठे?

१९२१ मध्ये पार्करनं ड्युओफोल्ड आणलं. तोवर पेनं बहुतेक काळी. हे भडक नारिंगी-लाल, जाडजूड, आणि किंमत ७ डॉलर. त्या काळी हा आकडा ऐकून दुकानदारही चाचरत. पण ते तुफान चाललं. २ सप्टेंबर १९४५ ला मिसुरी युद्धनौकेवर जपानच्या शरणागतीच्या कागदांवर सह्या झाल्या, तेव्हा जनरल मॅकआर्थर यांनी वापरलेल्या पेनांपैकी एक त्यांच्या पत्नीचं लाल ड्युओफोल्ड होतं.

त्याच वर्षी, दोनच महिन्यांत, या पेनांच्या जगाला धक्का बसला. २९ ऑक्टोबर १९४५ ला न्यू यॉर्कच्या गिंबल्स या दुकानात रेनॉल्ड्सचं बॉलपेन विक्रीला आलं. किंमत साडेबारा डॉलर, म्हणजे चांगल्या शाईच्या पेनाएवढीच, तरी लोकांच्या रांगा लागल्या. बॉलपेनाची मूळ कल्पना हंगेरीच्या लास्लो बिरोची, त्याचं पेटंट १९३८ चं. पुढच्या काही वर्षांत बॉलपेन इतकं स्वस्त झालं की शाईचं पेन अडगळ ठरलं. पिशवी फाटली, टाकून दिलं. टोपण हरवलं, टाकून दिलं. सोन्याचा भाव चढला की निब उपटून सोनाराकडे. दुर्मीळता कंपन्यांनी घडवलेली नाही, ती या टाकून देण्यातून तयार झाली.

आपल्याकडे गोष्ट थोडी वेगळी घडली. शाळांनी बॉलपेनाला बराच काळ उंबऱ्याबाहेर ठेवलं, 'अक्षर बिघडतं' म्हणून. दिगंबर परशुराम दांडेकर यांनी मुंबईत १९३१ मध्ये घोडा छाप शाईपासून सुरू केलेला उद्योग पुढे कॅम्लिन झाला, आणि त्या कंपनीची दौत घराघरात होती. विलायती पेन आलं की ते जपून, पण रोज वापरलं जाई. कारकुनानं, वकिलानं, मास्तरांनी तीस तीस वर्षं एकच पेन चालवलं. म्हणून आपल्याकडे सापडणारी पेनं बहुतेक झिजलेली असतात. संग्राहकाच्या दृष्टीनं हा तोटा, पण मला त्या झिजेविषयी फार आदर वाटतो.

## 'जुनं आहे, म्हणजे दुर्मीळच ना?'

नाही. सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहे.

तांब्याचा बंब आपल्या आजीच्या काळी घरोघर होता. तो जुना आहे, सुंदरही आहे, पण दुर्मीळ नाही. साधं पार्कर ५१ तसंच आहे. ते तीसेक वर्षं बनत राहिलं, लाखोंनी खपलं. पेन चांगलं, इतकं चांगलं की कुणी विचारलं तर पहिलं जुनं पेन म्हणून मी हेच घ्यायला सांगतो. पण साधं, काळं, वापरलेलं ५१ कुणाला श्रीमंत करणार नाही.

खरी दुर्मीळता वेगवेगळ्या वाटांनी येते. एखादा रंग थोडाच काळ बनला, जसं ५१ चा जांभळा. एखादं पेन विकायला नव्हतंच, फिरत्या विक्रेत्याला आतली रचना दाखवता यावी म्हणून पारदर्शक बनवलं होतं. एखादा भाग पहिल्या वर्षापुरताच वापरला, जसे ते ॲल्युमिनियमचे खडे.

कधी सगळा फरक निबेत असतो. वॉटरमननं १९२७ मध्ये 'नंबर ७' नावाचं पेन काढलं. त्याच्या टोपणावर रंगीत पट्टा असे आणि पट्ट्याचा रंग निबेचा स्वभाव सांगे. लाल म्हणजे रोजच्या लिखाणाची, हिरवा म्हणजे कडक, गुलाबी म्हणजे बारीक आणि लवचीक. ही गुलाबी निब दाब दिला की फाकते आणि रेघ जाड होते, दाब काढला की केसासारखी बारीक. बोरूनं कित्ता गिरवलेल्या हाताला ती पहिल्या ओळीतच भुरळ घालते. आजकाल असल्या निबा सहसा बनत नाहीत, म्हणून गुलाबी पट्ट्याचं पेन लालपेक्षा कितीतरी महाग जातं. पेन तेच, कारखाना तोच.

आणि कधी वस्तूमागची गोष्टच पेनात उतरलेली असते. १७१५ मध्ये स्पेनचा खजिना घेऊन निघालेला जहाजांचा ताफा फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ वादळात बुडाला. अडीचशे वर्षांनी पाणबुड्यांनी त्यातली चांदी वर काढली. पार्करनं त्यातली काही विकत घेतली, वितळवली आणि १९६५ मध्ये त्या चांदीची ४,८२१ पेनं केली. तेव्हाची किंमत ७५ डॉलर. चांदी संपली तशी पेनंही संपली, पुन्हा बनवता येणारच नव्हती. माझ्या मते खरी 'मर्यादित' पेनं हीच.

जपानची गोष्ट आणखी निराळी. नामिकी कंपनीनं (आजची पायलट) १९३० मध्ये लंडनच्या डनहिल कंपनीशी करार केला आणि माकि-ए केलेली पेनं युरोपात पोचली. माकि-ए म्हणजे लाखेच्या ओल्या थरावर सोन्याची पूड शिंपून काढलेलं चित्र. थर द्यायचा, वाळू द्यायचा, घासायचा, पुन्हा थर. एका पेनाला महिने लागतात. सावंतवाडीच्या लाखकामाची आठवण होते, पण तिकडची लाख किड्याची नसून एका झाडाच्या चिकाची असते. या पेनांवर कलाकार चित्राखाली सही करतात. लिलावात सर्वांत वरच्या किमती गाठणाऱ्या पेनांत डनहिल-नामिकी हमखास असतात, आणि त्या किमती चित्रकलेच्या असतात.

## चकाचक करण्याची घोडचूक

आता त्या नखाला लागणाऱ्या अक्षरांकडे येतो. ही गोष्ट मी पैसे मोजून शिकलो.

पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी मला शेफरचं 'बॅलन्स' नावाचं पेन मिळालं. हिरव्या-काळ्या पट्ट्यांचं, दोन्हीकडे निमुळतं होत गेलेलं, टोपणावर पांढरा ठिपका. खिळ्यांच्या आणि कुलपांच्या ढिगात पडलेलं होतं. अंगावर कंपनीचं नाव, गावाचं नाव आणि पेटंटची ओळ स्पष्ट वाचता येत होती. फक्त पिशवी गेलेली होती आणि वर थोडा मळ. मी ते एका दुरुस्तीवाल्याकडे दिलं. 'नवीनासारखं चकाचक करून देतो,' तो म्हणाला. मी हो म्हणालो. आठवड्यानं पेन हातात आलं तेव्हा ते खरंच आरशासारखं चमकत होतं. मी अंगठा फिरवला. गुळगुळीत. अक्षरं गेली होती. मशिनवरच्या कापडी चाकानं मळ काढताना वरचा थरही निघाला होता. क्लिपवरचा सोन्याचा मुलामा उडून खालचं पितळ दिसत होतं. त्यानं मनापासून मेहनत केली होती आणि पेनाची निम्म्याहून अधिक किंमत त्या मेहनतीत गेली होती. चूक माझी. 'पॉलिश करू नका' हे शब्द मी उच्चारलेच नव्हते.

कोरलेली अक्षरं हा पेनाचा जन्मदाखला असतो. अमेरिकन पार्करवर तर सालाचा शेवटचा आकडा आणि त्याच्या आजूबाजूला ठिपके असतात, ठिपक्यांवरून तिमाहीसुद्धा कळते. ती ओळ पुसली की पेन कधीचं, कुठलं, हे सगळं अंदाजावर येतं. मळ केव्हाही काढता येतो, निघालेला थर पुन्हा बसत नाही.

पेन कशाचं बनलंय हे माहीत नसलं की अशा चुका होतात. जुनी काळी पेनं एबोनाइटची, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराची. ती उन्हात आणि पाण्यात ठेवली की काळ्याची मातकट तपकिरी होतात. रंगीत पेनं सेल्युलॉइडची. कापसाचे तंतू नायट्रिक आम्लानं प्रक्रिया करून त्यात कापूर मिसळला की हे तयार होतं. जुन्या मूकपटांची फिल्मही याच जातीची. २००३ मध्ये पुण्यात चित्रपट संग्रहालयाच्या साठ्याला आग लागून जी रिळं खाक झाली, ती याच सेल्युलॉइडची. एक पेन काही स्वतःहून पेटत नाही, पण मेणबत्तीवर किंवा लायटरवर धरून उघडायला जाल तर क्षणात भडकेल. पार्कर ५१ चं प्लास्टिक वेगळं, ते पाण्याला दाद देत नाही, पण स्पिरिटनं त्याला बारीक तडे जातात.

आणखी एक खोड. हलक्या रंगाचं सेल्युलॉइड आतल्या रबराच्या पिशवीतून निघणाऱ्या गंधकाच्या वायूनं काळवंडतं. पाचूसारखं हिरवं पेन हळूहळू शेवाळी होतं, आणि हा रंग परत येत नाही. म्हणून त्या काळातलं, अजून लखलखीत हिरवं असलेलं पेन दिसलं की संग्राहकाचे डोळे विस्फारतात. नव्वद वर्षं ते पेन कुणीतरी कोरडं, अंधारात, रबराविना ठेवलेलं असतं.

## 'निब सोन्याची आहे, मग सोन्याचे तरी पैसे येतील?'

येतील, पण फार नाही. बहुतेक निबांत सोनं ग्रॅमभर किंवा त्याहून कमी, तेही १४ कॅरेट. निब काढून विकली तर थोडे हजार मिळतील आणि पेन कायमचं मुकं होईल. सोन्याचे पैसे हवे असतील तर ते अंगठीत शोधावेत.

## लाखांची नवी पेनं याच हिशेबात येतात का?

२००९ मध्ये माँ ब्लाँ या जर्मन कंपनीनं महात्मा गांधींच्या नावानं पेन काढलं. दांडीयात्रेचं अंतर २४१ मैल म्हणून पेनं २४१. एकाची किंमत ११ लाख रुपयांवर. सोन्याच्या निबेवर काठी घेतलेले बापू कोरलेले. गदारोळ झाला, केरळ उच्च न्यायालयात याचिका गेली. राष्ट्रपुरुषांच्या नावाचा व्यापारी वापर रोखणारा १९५० चा कायदा आडवा आला आणि २०१० मध्ये कंपनीनं भारतातली विक्री थांबवली.

त्या निमित्तानं मला आंध्रातल्या राजमहेंद्रीच्या रत्नम पेनाची गोष्ट सांगावीशी वाटते. के. व्ही. रत्नम यांनी देशी पेन बनवून गांधीजींकडे पाठवलं. १९३५ मध्ये गांधीजींनी वर्ध्याहून त्यांना पत्र लिहून आभार मानले, पेन वापरून पाहिलं आणि बाजारातल्या परदेशी पेनांना ते चांगला पर्याय दिसतं, असं कळवलं. गांधींचं पेन कुठलं असं मला विचारलं तर मी एबोनाइटच्या त्या पेनाकडे बोट दाखवीन.

आकडा टाकून विकलेल्या नव्या पेनांची दुर्मीळता कारखान्यानं ठरवलेली असते. ती सगळीच्या सगळी डबीत जपून राहतात, एकही हरवत नाही, एकही झिजत नाही. काहींच्या किमती पुढे खरंच चढल्या. माँ ब्लाँनं १९९२ मध्ये काढलेलं लोरेन्झो द मेदिची पेन हे त्यातलं नावाजलेलं उदाहरण. पण बरीचशी दुकानाबाहेर पडताच उतरतात. सुंदर वाटलं, परवडलं, तर जरूर घ्यावं. जुन्या पेनांचा हिशेब मात्र वेगळा.

## नकली, आणि त्याहून फसवी जोडलेली पेनं

माँ ब्लाँच्या नकला पोत्यांनी मिळतात. तिकडे बहुतेक लोक सावध असतात. चिनी हीरो पेनाला मी नकली म्हणत नाही. त्यानं पार्कर ५१ ची चण उचलली, पण नाव स्वतःचं लावलं, आणि आपल्याकडच्या किती तरी विद्यार्थ्यांना ते दहावी-बारावी पार करून गेलं.

फसवणूक होते ती खऱ्या भागांनी. टोपण एका पेनाचं, अंग दुसऱ्याचं, निब तिसऱ्याची. प्रत्येक भाग अस्सल, पेन मात्र कारखान्यातून कधी असं निघालंच नव्हतं. ओळखायची सोपी खूण म्हणजे वय जुळतंय का ते पाहणं. टोपण झिजलेलं आणि अंग कोरं, क्लिपचा मुलामा उडालेला आणि कडी लखलखीत, असं दिसलं की प्रश्न विचारा. विकणाऱ्याकडे निबेचा जवळून काढलेला फोटो, कोरीव अक्षरांचा तिरप्या उजेडातला फोटो आणि शाई भरून लिहिलेल्या दोन ओळी मागा. हे द्यायला का-कू करणाऱ्याकडून मी पेन घेत नाही.

## गुंतवणूक म्हणून घ्यावं का?

माझं मत, नको. सोनं कुठल्याही सोनाराकडे मोडता येतं. पेनाला मात्र नेमका तोच रंग, तीच निब शोधणारा माणूस भेटावा लागतो. घाईत विकायला निघालात तर व्यापारी निम्म्यानं मागेल, कारण दुरुस्ती आणि वर्षभर पडून राहण्याचा धोका त्याच्या अंगावर असतो. परदेशातून मागवलं तर टपालखर्च आणि कस्टम ड्युटी वर चढते. श्रीमंतांचा हा छंद आहे असंही मानू नका. चांगलं लिहिणारं जुनं पेन मध्यम मोबाइलपेक्षा स्वस्तात येतं आणि नातवाच्या हातातही लिहितं.

वापरल्यानं किंमत उतरते का, हेही विचारतात. कधीच शाई न लागलेलं, दुकानाची चिठ्ठी अंगावर असलेलं पेन असेल तर हो. त्यात शाई भरू नका. बाकी सगळी पेनं लिहिण्यानंच नीट राहतात, शाई पोटात वाळवून ठेवण्यानं बिघडतात. साधी धुता येणारी निळी शाई घाला. चित्रकलेची काळी शाई मात्र चुकूनही नको, ती जिभेच्या चरांत सिमेंटसारखी बसते.

## घरात सापडलं तर

आधी काहीच करू नका. ब्रासो नको, टूथपेस्ट नको, गरम पाणी नको. पक्कड लावून पिळू नका. रबरबँड गुंडाळलेला असेल तर काढा, त्यातलंही गंधक अंगावर डाग पाडतं. खटका असेल तर ओढू नका, आतली कडक झालेली पिशवी दांडी वाकवते. मऊ सुती कापडानं पुसा आणि तिरप्या उजेडात अक्षरं वाचा.

कुणाचं नाव कोरलेलं असेल तर बाजारात पेनाची किंमत थोडी उतरते. माझ्या आजोबांच्या पार्कर ५१ वर त्यांची आद्याक्षरं आहेत, हातानं कोरलेली, थोडी वाकडी. ते कोर्टात बेलिफ होते. पेन त्यांच्या मागे पस्तीस वर्षं कपाटात पडून होतं. ते मिळाल्यावर मी काचेच्या पेल्यात बोटभर गार पाणी घेतलं आणि नुसतं निबेचं टोक बुडेल असं उभं ठेवलं. पाच-दहा मिनिटं काही झालं नाही. मग टोकातून निळा धागा सुटला, सरळ खाली गेला आणि पेल्याच्या तळाशी पसरला. त्यामागून दुसरा, तिसरा. सकाळपर्यंत पाणी गर्द निळं झालं होतं. ती त्यांनी शेवटची भरलेली शाई. मी पाणी तीनदा बदललं, पहिला पेला मात्र संध्याकाळपर्यंत ओतला नाही.